न काढता येणारे जोडे

आमच्या संस्थेच्या आवारात खंड्या नावाचा एक कुत्रा आहे. त्याला मालक असा कोणी नाही. रात्रपाळीचे रखवालदार मामा त्याला भाकरी घालतात आणि तो त्यांच्यासोबत फाटकाशी बसतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका सकाळी तो तीन पायांवर लंगडत आला. फुटक्या बाटलीची काच लागून त्याच्या उजव्या पुढच्या पायाखालची मोठी गादी चांगलीच चिरली होती. फरशीवर रक्ताचे ठसे उमटत होते. मामा म्हणाले, "मॅडम, थोडं फिनेल ओतू का? किडं तरी पडायचे नाहीत." मी घाईघाईने नको म्हटले. पण का नको, हे मात्र मला त्यांना नीट सांगता आले नाही.

पशुवैद्यांनी जखम धुऊन टाके घातले, पट्टी बांधली आणि बजावले, "तीन आठवडे पट्टी राहू द्या, आणि याला पळू देऊ नका." आठव्या दिवशी पट्टी बदलताना जखमेच्या कडा छान जुळलेल्या दिसल्या. आपले बोट कापले तर आठवड्याभरात बरे होते, मग याला उन्हाळ्यात पट्टीचा त्रास कशाला, असे मला वाटले. पट्टी पुन्हा बांधलीच नाही. त्याच संध्याकाळी खंड्या एका मोटारसायकलीमागे धावला. टाके सुटले, जखम पहिल्यापेक्षा रुंद उघडली आणि ती भरून यायला पुढे सहा आठवडे लागले.

चूक माझी होती. काचेच्या बशीत वाढणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहणे हे माझे रोजचे काम. पण त्याच पेशी पायाखाली असल्या तर त्यांच्यावर काय प्रसंग येतो, याचा विचार मी केला नव्हता. हाताच्या बोटाची जखम आणि कुत्र्याच्या पायाच्या गादीची जखम यांत फरक का पडावा? याचे उत्तर कोणत्याही मलमात नाही. ते गादीच्या रचनेत आहे.

बोटांवर चालणारा प्राणी

कुत्र्याच्या मागच्या पायाकडे पाहिले तर त्याचा गुडघा उलटा वाकतो असे वाटते. मुले हा प्रश्न हमखास विचारतात. वास्तविक तो गुडघा नसून घोटा असतो. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. आपण आणि अस्वल टाचेसह सारा तळपाय जमिनीला टेकवून चालतो. गाय आणि घोडा बोटांच्या टोकांवर, म्हणजे खुरांवर चालतात. कुत्रा आणि मांजर या दोहोंच्या मधले: ते बोटांवर चालतात आणि त्यांची टाच सदैव हवेत असते. चवड्यांवर धावून पाहिले तर या मांडणीचा फायदा कळतो. पाय लांब होतो, पाऊल हलके पडते आणि वेग वाढतो. मात्र जमिनीला टेकणारा भाग लहान होतो आणि सगळा भार तेवढ्याच भागावर येतो.

हा भार पेलण्यासाठी चारही बोटांखाली एकेक लहान गादी असते. त्यांच्या मागे, बोटे जिथून सुटतात तिथे, बदामाच्या आकाराची एक मोठी गादी असते. पुढच्या पायांना याखेरीज मनगटामागे आणखी एक छोटी गादी असते. साध्या चालीत ती जमिनीला टेकत नाही. भरधाव पळताना किंवा उतारावर थांबताना उपयोगी पडते. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे पाचवे बोट वर राहिलेले असते, म्हणून चिखलातल्या ठशात चारच बोटे दिसतात.

गादीच्या आत काय असते?

गादीचा सर्वांत बाहेरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. कुत्र्याच्या साऱ्या अंगावर एवढी जाड कातडी दुसरीकडे कुठेही नसते. तिच्यावर बारीक शंकूसारखे उंचवटे असतात, म्हणून गादी खरखरीत लागते आणि गुळगुळीत जागी पकड मिळते. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशी सतत विभागत असतात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर सरकताना पेशी केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाने भरत जातात आणि पृष्ठभागाशी पोचेपर्यंत मरून चपट्या होतात. आपली नखे आणि केस केराटिनचेच असतात. म्हणजे गादीचा तळ मृत पेशींचा असतो. तो रस्त्यावर झिजतो आणि आतून भरून निघतो. आपल्या वहाणेचा तळ झिजला की चांभाराकडे जावे लागते. कुत्र्याचा चांभार त्याच्या कातडीतच बसलेला असतो.

त्याखाली अंतस्त्वचा आणि तिच्याखाली मेदाचा जाड थर असतो. हा मेद पोटावरच्या चरबीसारखा सैल पसरलेला नसतो. कोलॅजेनच्या चिवट आणि इलॅस्टिनच्या लवचीक तंतूंनी त्याचे लहान लहान कप्पे पाडलेले असतात. पाऊल पडले की कप्पे दाबले जातात, पण मेद बाहेर पळू शकत नाही. कप्प्यांच्या भिंती बाजूला ताणल्या जातात आणि पाय उचलताच पूर्ववत होतात. धक्का हाडांपर्यंत पोचण्याआधीच बराचसा विरून जातो. आपल्या टाचेखालीही नेमकी अशीच रचना आहे.

गादीत घर्मग्रंथीही असतात. अंग थंड करण्यासाठी कुत्रा मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकतो. आपल्यासारखा पाझरणारा घाम त्याला येतो तो पायाच्या गाद्यांवरच. घाबरलेल्या कुत्र्याला दवाखान्याच्या टेबलावर उभे केले की त्याच्या पावलांचे ओले ठसे उमटतात, ते याच ग्रंथींमुळे.

बर्फ आणि डांबर

अनवाणी कुत्रा बर्फावर तासन्‌तास उभा राहतो, तरी त्याचे पाय गोठत कसे नाहीत? अमेरिकेतील संशोधकांनी १९७२ साली आर्क्टिक कोल्हा आणि लांडगा या कुत्र्याच्या दोन भाईबंदांचे पाय उणे ३५ अंश सेल्सिअसच्या द्रवात बुडवून पाहिले. पायांचे तापमान उणे १ अंशाच्या आसपास, म्हणजे ऊती गोठण्याच्या जेमतेम वर, टिकून राहिले. शरीर पायांना लागेल तेवढीच ऊब पुरवत होते, त्याहून अधिक नाही.

ही काटकसर कशी साधते, याचा उलगडा घरच्या कुत्र्यांच्या बाबतीत २०११ साली जपानमधील हिरोयोशी निनोमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी गादीतील रक्तवाहिन्यांचा साचा करून तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गादीकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्यांना परत येणाऱ्या नीलांच्या जाळ्याने वेढलेले आढळले. जाणारे रक्त गरम, येणारे थंड, आणि दोन्हींचे प्रवाह उलट दिशांचे. त्यामुळे गरम रक्ताची उष्णता जाता जाताच थंड रक्ताला मिळते आणि बर्फात वाया न जाता शरीरात परतते. पेंग्विनच्या पायात आणि बगळ्याच्या पायातही हीच युक्ती असते.

थंडीवर असा तोडगा आहे, पण तापलेल्या रस्त्यावर तसा नाही. भर उन्हात हवेचे तापमान ३५ अंश असते, तेव्हा काळा डांबरी रस्ता सहज ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो. चंद्रपूर-नागपूरकडच्या ४५ अंशांच्या दुपारी तो त्याहूनही पुढे जातो. भाजण्याचा संबंध तापमानाशी आणि वेळेशी किती घट्ट आहे, हे मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिले. डुकराच्या आणि माणसाच्या कातडीवर केलेल्या त्यांच्या प्रयोगांत ४४ अंशांना इजा व्हायला सुमारे ६ तास लागले, तर ६० अंशांना अवघे ५ सेकंद. कुत्र्याच्या गादीचा केराटिनचा थर जाड असल्यामुळे तिला थोडी अधिक सवलत मिळते, इतकेच. भाजलेल्या गादीचा वरचा थर सालीसारखा सुटून येतो आणि खालची लालबुंद, हुळहुळी कातडी उघडी पडते. आपण पायात चप्पल घालून पाळीव कुत्र्याला भर दुपारी फिरायला नेतो, तेव्हा ही गोष्ट ध्यानात येत नाही.

जखम पुन्हा का उघडते?

आता खंड्याच्या जखमेकडे येऊ. थोडे गणित करू. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो, कारण डोके, मान आणि छाती पुढे असतात. खंड्याचे वजन २० किलो. म्हणजे पुढच्या एकेका पायावर उभ्याउभ्याच ६ किलोचा भार. तो दुडक्या चालीने निघाला की पाऊल आपटते त्या क्षणी एका पायावरचे बल त्याच्या सबंध वजनाइतके किंवा त्याहून थोडे अधिक होते. म्हणजे ६ वरून एकदम २० किलो. मोटारसायकलीमागे जीव खाऊन धावताना ते आणखी वाढते.

हे बल गादीवर पडले की गादी चपटी होऊन बाजूंना पसरते. धक्का शोषण्याची तिची रीतच ती आहे. परंतु गादीला चीर असेल तर हेच पसरणे जखमेच्या दोन कडांना एकमेकींपासून ओढते. प्रत्येक पावलागणिक जखम किंचित उघडते. टाके घातलेले असतील तर दोरा ताणला जातो आणि खालच्या मऊ मेदऊतीतून कापत बाहेर येतो. जी रचना निरोगी पायाला वाचवते, तीच जखमी पायाला बरे होऊ देत नाही. म्हणून इतर ठिकाणचे टाके दहा-बारा दिवसांत काढतात, पण गादीचे टाके दोन ते तीन आठवडे ठेवावे लागतात.

कातडी भरून कशी येते, हे पाहिले तर दुसरी गोष्ट कळते. प्रथम रक्त गोठते. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेल्या ऊती साफ करतात. या दिवसांत जखम लाल, गरम आणि सुजलेली असते. त्यानंतर नव्या केशवाहिन्यांनी भरलेली लाल, दाणेदार ऊती तळापासून वर येते आणि तिच्यात कोलॅजेनचे तंतू विणले जातात. शेवटी कडांवरच्या बाह्यत्वचेच्या पेशी या ओल्या पृष्ठभागावरून सरपटत येऊन एकमेकींना भेटतात. भेट झाली की जखम मिटलेली दिसते. पण दिसणे आणि असणे यांत अंतर आहे. तीन आठवड्यांनंतरही कातडीच्या व्रणाची ताकद मूळ कातडीच्या पंचमांशाच्या आसपासच असते. काही महिन्यांनी ती वाढत वाढत सुमारे ८० टक्क्यांवर जाते आणि तिथेच थांबते. आठव्या दिवशी मी जी जखम "बरी झाली" म्हणून सोडून दिली, ती केवळ झाकली गेली होती.

औषध की अडथळा?

सरपटणाऱ्या या पेशींना काय हवे असते? लंडनमध्ये काम करणाऱ्या जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांपैकी काही त्यांनी उघड्या ठेवल्या आणि काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. उघड्या जखमेवर कोरडी खपली धरते आणि पेशींना तिच्याखालून वाट काढत जावे लागते. ओलसर जखमेवर त्या सरळ पुढे सरकतात. "जखमेला वारा लागू द्यावा" या आपल्या जुन्या समजुतीला हा धक्काच होता.

मात्र ओलसर म्हणजे भिजलेली नव्हे. जखमेचा स्वतःचा स्राव हवा, पावसाचे किंवा गटाराचे पाणी नको. भिजलेल्या पट्टीखाली आजूबाजूची चांगली कातडी पांढरी पडून फुगते, आणि जंतूंना आयते घर मिळते.

आता मामांच्या फिनेलचे उत्तर देता येईल. फिनेल जंतू मारते हे खरे, पण ते जंतूंच्या आणि कुत्र्याच्या पेशींत भेद करत नाही. कडेवरून निघालेल्या नव्या पेशी त्यात होरपळतात. शिवाय कुत्रा जखम चाटतो, म्हणजे ते विष पोटातही जाते. रॉकेल आणि गाडीचे जळके ऑईल यांचेही तेच. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम स्वच्छ होत असल्याचे समाधान मिळते, परंतु रोज वापरले तर तेही नव्या ऊतीला मारक ठरते. हळदीत जंतुरोधक गुण आहेत, पण स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते आणि खोल जखमेत तिचे कण अडकून बसतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर कधीच देऊ नयेत. आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

मग करायचे काय?

१. आधी स्वतःची काळजी. दुखऱ्या पायाला हात लावला तर ओळखीचा कुत्राही चावू शकतो. अनोळखी कुत्र्याला विद्यार्थ्यांनी हात लावू नये; प्राणिमित्र संस्थेला किंवा पशुवैद्यांना कळवावे. कुत्रा चावला, किंवा त्याची लाळ आपल्या जखमेला लागली, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो रोग जवळपास नेहमीच प्राण घेतो.

२. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच-दहा मिनिटे न उचलता दाबून धरावी. सारखे उचलून पाहिले तर धरत आलेली गुठळी सुटते.

३. जखम भरपूर पाण्याने धुवावी. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा मीठ घातले की शरीरातील द्रवाइतकेच खारट पाणी तयार होते. पेशींना ते झोंबत नाही. पॉव्हिडोन आयोडीन वापरायचे तर फिक्या चहाचा रंग येईल इतके पातळ करावे. वर दिसणारे खडे चिमट्याने काढावेत. खोल रुतलेली काच ओढू नये. ती काढणे आणि टाके घालणे हे पशुवैद्यांचे काम.

४. पट्टी तीन थरांची असावी: जखमेलगत न चिकटणारी मलमाची जाळी, त्यावर स्राव शोषणारा कापूस, आणि बाहेरून आवरण. बोटांच्या बेचक्यांतही थोडा कापूस ठेवावा, नाहीतर घामाने कातडी सडते. मधल्या दोन बोटांची टोके बाहेर दिसू द्यावीत. ती सुजली, गार पडली किंवा एकमेकांपासून फाकली तर पट्टी आवळली गेली आहे असे समजून लगेच सोडावी. पट्टी भिजली, घसरली किंवा तिला वास येऊ लागला तर त्याच दिवशी बदलावी.

५. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कठीण: पायावरचा भार कमी करणे. कुत्र्याला बांधून ठेवावे आणि गळ्यातल्या पट्ट्याने धरून केवळ शी-शूसाठी हळू चालवत न्यावे. चाटू नये म्हणून गळ्याभोवती प्लास्टिकची गोल झापड लावावी. गादीचा खरा उपचार हा आहे. बाकीचे सारे त्याला मदत करणारे.

एक पाय की चारही पाय?

गादीचे दुखणे म्हणजे दर वेळी काचच असते असे नाही. इथे एक सोपी कसोटी उपयोगी पडते. दुखणे एकाच पायाला असेल तर कारण बहुधा बाहेरचे, त्या पायात शिरलेले. चारही पायांना असेल तर कारण शरीरभर किंवा सर्व पायांखाली शोधावे.

एका पायाच्या दुखण्यात आपल्याकडचे नेहमीचे आरोपी म्हणजे बाभळीचा काटा, सराटा, बोटांच्या बेचक्यात दडलेली गोचीड आणि पावसाळा सरताना माळावर पिकणाऱ्या कुसळी गवताचे कुसळ. या कुसळाच्या टोकाशी उलटे केस असतात, त्यामुळे ते पुढे सरकते, मागे येत नाही. त्याची शेपटी ओलाव्याने उलगडते आणि सुकली की पुन्हा पिळली जाते. बी मातीत घुसावे म्हणून निसर्गाने केलेला हा गिरमिटच. तो बोटांच्या मध्ये घुसला की आत जातच राहतो, वर गळू येते आणि कुत्रा ती एकच जागा तासन्‌तास चाटत बसतो.

चारही पाय तो चाटत असेल तर वावडे, बुरशी किंवा फरशी पुसण्याच्या द्रावणाचा त्रास असू शकतो. चारही गाद्या जाड, कडक आणि भेगाळ होऊ लागल्या तर अधिक गंभीर कारणे पाहावी लागतात: जस्ताची कमतरता, स्वतःच्याच कातडीवर उलटलेली प्रतिकारशक्ती, किंवा डिस्टेंपर. डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग आहे, हे फ्रान्सच्या आंरी कारे यांनी १९०५ साली दाखवले. ताप, डोळ्यानाकातून पू, खोकला, जुलाब, पुढे झटके, आणि काही कुत्र्यांत नाक व गाद्या कडक होणे ही त्याची लक्षणे. १९४० च्या दशकाअखेर इंग्लंडमध्ये "कडक गादीचा रोग" हा वेगळाच आजार मानला गेला होता. तो डिस्टेंपरचाच एक अवतार असल्याचे नंतर स्पष्ट झाले. हा विषाणू गोवराच्या विषाणूचा नातेवाईक आहे. २०१८ साली गुजरातमधील गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यातील काहींमध्ये हाच विषाणू सापडला होता. त्याला मारणारे औषध नाही, पण लस आहे आणि ती परिणामकारक आहे. अशा गाद्यांवर नुसते तेल चोळत बसणे म्हणजे धोक्याच्या घंटेला तेल घालणे होय.

जोडे घालावेत का?

अलास्कात १९७३ पासून इडिटारोड नावाची घसरगाड्यांची शर्यत होते. अँकरेज ते नोम या सुमारे १६०० किलोमीटरच्या वाटेवर कुत्रे बर्फातून गाडी ओढतात. तिथे प्रत्येक कुत्र्यामागे आठ कापडी मोजे बाळगणे नियमाने सक्तीचे आहे. थंडीपेक्षाही खरखरीत बर्फाने कातडी सोलवटण्याची आणि बोटांत बर्फाचे गोळे अडकण्याची भीती मोठी असते. आपल्याकडच्या घरगुती कुत्र्याला मात्र रोज मोजे नकोत. गाद्यांना मातीचा, गवताचा, रस्त्याचा थोडा थोडा सराव असला की त्यांचा थर आपोआप जाड होतो, जसे शेतकऱ्याच्या हाताला घट्टे पडतात. उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवस मावळल्यावर रस्ता निवल्यानंतर फिरवणे, फिरून आल्यावर पाय पुसून बोटांच्या बेचक्या पाहणे आणि नखे वाढू न देणे एवढे पुरते.

वर्गात करण्यासारखे

ओल्या मातीत कुत्रा आणि मांजर यांचे ठसे शोधून वहीत त्यांची चित्रे काढावीत. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात, मांजराच्या सहसा दिसत नाहीत. कारण काय असेल?

उन्हाळ्यात सकाळी ८, दुपारी १ आणि सायंकाळी ६ वाजता डांबर, सिमेंट, माती आणि झाडाखालची माती यांच्या पृष्ठभागाला टेकवून तापमापीने तापमान मोजावे आणि आलेख काढावा. डांबर संध्याकाळी किती उशिरा निवते, हे पाहून मुले चकित होतील. तापमापी नसेल तर तळहाताची मागची बाजू जमिनीला टेकवून पाहावी. सात सेकंद ठेववत नसेल तर ती जमीन कुत्र्याच्या पायांनाही नको.

स्पंजच्या एका तुकड्याला ब्लेडने वरून चीर द्यावी (हे काम शिक्षकांनी करावे), तो चिरेची बाजू खाली करून काचेवर ठेवावा आणि वरून दाबावे. काचेखालून पाहिले की दाबासरशी चीर कशी उघडते ते दिसते. हा प्रयोग मी त्या मे महिन्याआधी केला असता तर बरे झाले असते.

खंड्या आता बरा आहे. त्याच्या गादीवर एक फिक्या रंगाची, किंचित खोलगट रेघ राहिली आहे. मोटारसायकलींमागे तो अजूनही धावतो. मामांनी मात्र फिनेलची बाटली संडासापुरती ठेवली आहे, आणि रोज संध्याकाळी फाटकासमोरच्या फुटक्या काचा ते स्वतः झाडून काढतात. या साऱ्या प्रकरणातला सर्वांत चांगला उपचार तोच आहे, असे माझे मत झाले आहे.